जे धुवायचं ते मालकासमोर

रोफिआ आणि मी क्रेतेकच्या कारखान्यात एकाच बाकावर बसायचो. मी तंबाखू आणि लवंग भरून सिगारेट वळायची, ती कात्रीनं टोकं छाटायची. आमच्या कुडूस शहरात कितीतरी बायका हेच करत म्हाताऱ्या झाल्या. आमच्या वाट्याला ते आलं नाही. यंत्रं आली, आमचा हॉल बंद झाला, आणि एका सकाळी आम्ही दोघी घरी बसलेल्या होतो.

मी लेन्तोगची गाडी लावली. भाताच्या वड्या, वर कच्च्या फणसाची भाजी आणि नारळाचा रस्सा. सकाळच्या वेळी हे कुणाला नको असतं? रोफिआला मात्र विकणं जमेना. गिऱ्हाईक समोर आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. नवरा आधीच गेलेला, मुलगी इल्मा सेमारंगला नर्सिंग शिकायला ठेवलेली. मग मीच अझमीला गळ घातली. अझमी माझ्या मावसबहिणीचा मुलगा. माझ्या गाडीला लागूनच त्याचं वेपचं दुकान. विजेवर चालणाऱ्या त्या सिगारेटी पोरं ओढून ओढून कळकट करून आणायची, आणि साफ करायला त्याला वेळ नसायचा.

"बुदे, हात थरथरत नाहीत ना तुमचे?" त्यानं रोफिआला विचारलं. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे बुदे म्हणतात.

"कात्री धरलेले हात आहेत," मीच उत्तर दिलं. "तुझ्या दाढीचा एकेक केस मोजून छाटेल ती."

पहिल्याच आठवड्यात तिनं घोळ केला. एका पोराच्या वेपची टाकी प्लॅस्टिकची होती. डाग निघत नाही म्हणून तिनं ती स्पिरिटनं पुसली. बघता बघता टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटल्या. पोरगा दुकान डोक्यावर घेऊन नाचला. अझमीनं त्याला नवी टाकी दिली आणि रोफिआला मागच्या खोलीत बसवून सगळं पहिल्यापासून शिकवलं. बॅटरी सगळ्यात आधी बाहेर काढायची, तोवर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. टाकी नुसत्या कोमट पाण्यात. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, पाण्यात टाकायची नाही. स्पिरिट फक्त बॅटरी टेकते त्या धातूच्या ठिपक्यांना, तेही कापसाच्या काडीवर एक थेंब. आटे अडले तर जोर लावायचा नाही, उलटे फिरवून पुन्हा बसवायचे. रबरी कडी कोरडी बसवली तर फाटते, तिला टाकीत भरायच्या लिक्विडचं बोट लावायचं. आणि वाळवायचं ते पंख्याखाली, केसांच्या ड्रायरनं नाही.

त्यानंतर तिच्या हातून काही बिघडलं नाही. तिचं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीबाहेर माझी गाडी. मी रस्सा ढवळता ढवळता तिला बघायची. कापूस चिमटीत धरून कॉइलच्या वेटोळ्यातून ओवताना ती श्वास रोखून धरायची. कारखान्यातही टोकं छाटताना ती असाच श्वास धरायची. मी हसले की म्हणायची, "सुमी, तुझ्या भाजीकडे बघ, खाली लागतेय."

दीड-दोन वर्षं बरी गेली. मग रेंगा यायला लागला.

रेंगा मोबाइलची कव्हरं विकायचा. सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी मोठे आहोत असं वाटावं. माझ्या गाडीवर खायचा आणि ताटली स्वतः उचलून ठेवायचा. त्याच्या ओळखीनं अझमीकडे गिऱ्हाईक वाढलं होतं. म्हणून अझमी त्याला खुर्ची द्यायचा.

त्या शुक्रवारी दुपारी अझमी नमाजाला निघाला होता. जाता जाता तो रोफिआच्या टेबलावर दोन वेप ठेवून गेला. एक काळं, एक हिरवं.

"रेंगाची आहेत," तो म्हणाला आणि चपला घालून पळाला.

टेबलावर आलं ते साफ करायचं, हे तिला माहीत. काळं झालं. मग तिनं हिरवं उघडलं. आतलं लिक्विड तपकिरी, दाट. तिनं नाकाशी नेलं. आंबा नाही, कॉफी नाही, पुदिना नाही, कसलाच वास नाही. बाजूचा कापूस काळपट पडला होता. बहुतेक जुनं होऊन बिघडलं असेल, असं वाटून तिनं ते भांड्यात उपडं केलं, कापूस काढून टाकला, टाकी धुतली आणि भांडं मोरीत रिकामं केलं. नंतर मला म्हणाली, "अगं, मला जरा गरगरतंय. उपाशी आहे म्हणून असेल." मी तिला भात दिला.

ती खात होती तेवढ्यात रेंगा आला. टेबलावर पंख्याखाली वाळत ठेवलेले दोन्ही वेप त्यानं बघितले. माणसाचा चेहरा असा उतरताना मी क्वचितच पाहिला असेल.

"बुदे, हे हिरवं का उघडलंत?"

"साफ केलं की. कापूस नवा घातलाय. लिक्विड भरलंस की जरा वेळ भिजू दे, लगेच ओढलंस तर करपेल."

"त्यात जे होतं ते कुठंय?"

"ते खराब झालेलं रे. टाकलं."

"कुठं टाकलं?"

तिनं मोरीकडे बोट दाखवलं. रेंगा उठला, मोरीपाशी गेला, खाली वाकून बघितलं. मी मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग केलं, पण हातातला डाव रश्श्यात तसाच राहिला. तो परत आला. आवाज तेवढाच गोड.

"ते साफ करायचं नव्हतं, बुदे. नुसतं ठेवायचं होतं. माझा एक मित्र येऊन नेणार होता. नेहमी नेतो. अझमीनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

"मग तुमची काय चूक," तो म्हणाला. तो तिच्याजवळ स्टुलावर बसला. "चुका होतात. पण आता असं करू. पुढच्या वेळेपासून मी जे ठेवीन त्याला हात लावायचा नाही. कुणी आलं आणि रंग सांगितला की त्याच्या हातात द्यायचं. बस्स. तुमच्या कामात एवढी मदत कराल ना माझी?"

रोफिआची जीभ टाळूला चिकटली असणार.

"इल्मा बरी आहे ना?" त्यानं विचारलं. "सेमारंगला हॉस्टेलच्या खाली तो नूडल्सवाला आहे, तिथंच जेवते अजून? चांगलं असतं त्याच्याकडे. पण पोरीनं संध्याकाळी एकटं खाली उतरू नये."

तो उठला, माझ्याकडे बघून हसला आणि रोजच्यासारखी ताटली उचलून जागेवर ठेवली. ताटली रोफिआची होती. ती अजून जेवत होती.

तो गेल्यावर ती आत मोरीपाशी जाऊन उलटी करून आली. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे वेपच्या लिक्विडमध्ये नशेचं औषध मिसळून विकतात हे बाजारात सगळ्यांच्या कानावर होतं. नाव कुणी घेत नव्हतं इतकंच. पकडलं तर माणूस आयुष्यातून उठतो.

अझमी नमाजाहून परतला तेव्हा मी रोफिआला घेऊन त्याला दुकानामागे गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत असणार?" त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

"अरे, मावशी आहे मी तुझी. तोंडाकडे बघून बोल."

"तो वस्तू ठेवतो, कुणीतरी नेतं. मी उघडून बघितलेलं नाही. तुम्हीही बघू नका. रेंगा एकटा नाही, त्याच्यामागे माणसं आहेत." मग रोफिआकडे वळून तो हात जोडून म्हणाला, "बुदे, माझ्या बायकोला सातवा महिना चालू आहे. नका काही करू."

त्याच्या डोळ्यांत मला लबाडी दिसली नाही, भीतीच दिसली. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

रोफिआनं इल्माला फोन केला. मी शेजारीच होते. "जेवलीस का," "अभ्यास कसा चाललाय" एवढंच विचारलं. शेवटी म्हणाली, "नूडल्स खाऊ नकोस गं सारखे. खोलीवर काहीतरी करून खा." पोरगी हसली. म्हणाली, "आई, आज काय झालंय तुला?"

पुढच्या आठवड्यात रेंगानं टेबलावर एक निळं वेप ठेवलं.  रोफिआनं त्यावर फडकं टाकलं. दिवसभर ती दुसरी वेपं साफ करत होती. एका टाकीची रबरी कडी तिच्याकडून तुटली. तिनं ती अझमीला दाखवली. अझमी दुसरी काढायला गेला.

दुपार कलताना एक मुलगी आली. कॉलेजची असावी, पाठीला दप्तर, डोक्याला फिकट रंगाचा स्कार्फ. नखं कुरतडून कुरतडून कडा लाल झालेल्या.

"निळं," ती म्हणाली.

रोफिआनं तिच्याकडे बघितलं. मुलीनं मान वर केली नाही. तिचा खालचा ओठ आपोआप हलत होता. रोफिआनं फडक्याखालून वेप काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मुलीनं मूठ अशी घट्ट मिटली की बोटांची पेरं पांढरी झाली.

"तू जेवलीस का काही?" रोफिआनं विचारलं.

मुलगी दचकली. "काय?"

"काही नाही. जा."

मुलगी निघून गेली. रोफिआ तशीच बसून राहिली. मी हाक मारली, ऐकू गेलं नाही. मी आत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला तर अंग गार पडलेलं.

"सुमी, मी दिलं," ती म्हणाली. "माझ्या हातानं दिलं."

"तू काय करणार होतीस? तुझी पोरगी..."

"तीही कुणाची तरी पोरगी होती." ती म्हणाली.

ते पुढचे दिवस मला आवडले नाहीत. रोफिआ कामावर यायची, पण खायची नाही. दोनदा तिनं बॅटरी काढायच्या आधीच टाकी फिरवायला घेतली आणि मी खिडकीतून ओरडले. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, जाऊन काय सांगू? त्यांनी विचारलं की तुझ्या हातून कुणी नेलं, तर? मी म्हटलं, काम सोड. ती म्हणाली, सोडलं तर तो इल्माकडे जाईल आणि टेबलावर दुसरी कुणी बसेल.  

एके सकाळी मी गाडी लावत होते तेव्हा ती आतून टेबल ओढत बाहेर आणत होती. टेबल दारात अडकलं होतं. पलीकडच्या सलूनमधले दोघं आले आणि उचलून दिलं. तिनं ते माझ्या गाडीशेजारी, ताडपत्रीच्या सावलीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. पंखा लांब वायरनं जोडला. पाण्याचं मोठं परातीसारखं भांडं मधोमध ठेवलं.

"हे काय चाललंय?" अझमी धावत आला. "इथं धूळ बसेल सगळ्यावर!"

"आतल्या खोलीत माझा श्वास कोंडतो." मग ती आवाज चढवून बोलली. तिचा आवाज एवढा चढतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "आणि ऐका, आजपासून जे धुवायचं ते मालकासमोर. टेबलावर काहीही नुसतं ठेवायचं नाही. माझ्या टेबलावर आलं की मी उघडणार आणि धुणार. ज्याला धुवायचं नसेल त्यानं आणू नये."

अझमीच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला. तिनं मान हलवली आणि रबरी हातमोजे घातले.

गिऱ्हाइकांना गंमत वाटली. आपलं वेप सुटं होताना कुणी बघितलेलं नसतं. पोरं भोवती उभी राहून बघायला लागली. आतून निघणारी घाण बघून एकमेकांना टोचायला लागली. "अरे, हे फुप्फुसात जात होतं तुझ्या!" "तुझं तर बघ, तुझ्या बापाचा सायलेन्सर याहून साफ असेल!" त्या दिवशी माझं लेन्तोगही लवकर संपलं.

दोन-तीन दिवस रेंगा फिरकला नाही. मला वाटायला लागलं, टळलं. रोफिआला तसं वाटत नव्हतं. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की तिची मान आधी वळायची.

शनिवारी तो आला. टेबलाभोवती सात-आठ जण होते. सलूनवाले, दोन शिक्षक, भाजीबाजारातला एक हमाल, काही पोरं. रेंगानं मोटारसायकल उभी केली, सगळ्यांकडे बघून हसला आणि गर्दीतून हात घालून एक हिरवं वेप टेबलावर ठेवलं.

"हे ठेवा, बुदे. माणूस येईल."

रोफिआनं ते उचललं. मी डाव खाली ठेवला. तिनं खालचं झाकण सरकवून बॅटरी बाहेर काढली आणि फडक्यावर ठेवली.

"बुदे," रेंगा म्हणाला. "नुसतं ठेवायचंय."

"इथं नुसतं काही ठेवत नाही, रेंगा. या सगळ्यांना विचार."

"हो हो, धुतात त्या," एक पोरगा म्हणाला. "तुझ्यातून काय निघतंय बघू."

तिनं टाकीला पीळ दिला. आटे अडले. तिनं जोर लावला नाही. उलट्या बाजूला हलकेच फिरवून पुन्हा सोडवायला घेतलं. मला वाटलं, हिला इतका वेळ कसा मिळतोय? रेंगाचा हात पुढे आला आणि तिच्या मनगटावर बसला. त्याच्या बोटांखाली तिची कातडी पांढरी पडलेली मी पाहिली. भोवतालचं हसणं थांबलं.

"काय झालं?" रोफिआ म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जुनं लिक्विड कुणी जपून ठेवतं का? करपट चव येईल. तुला खास तेच हवं असेल तर नाव सांग. अझमीच्या दुकानात फळ्या भरून लिक्विडं आहेत. नाव सांग, मी तसलंच भरून देते."

रेंगाची बोटं तिच्या मनगटावरून हलली नाहीत.

"अरे सांग ना," हमाल म्हणाला. "एवढं काय महागाचं आहे?"

"बाईचा हात सोड आधी," शिक्षकांपैकी एक म्हणाले. रेंगानं त्यांच्याकडे बघितलं. मग हमालाकडे. मग माझ्याकडे. मी नजर खाली केली नाही. आतापर्यंत अझमी दुकानाच्या दारात खांबासारखा उभा होता. तो पायऱ्या उतरून टेबलापाशी आला.  नुसता रोफिआच्या बाजूला उभा राहिला. 

रेंगानं हात सोडला.

रोफिआनं टाकी उघडली आणि भांड्यातल्या पाण्यावर उपडी केली. तपकिरी दाट धार पाण्यात उतरली आणि पसरली. मग चिमट्यानं कापूस ओढून काढला. तो मात्र पाण्यात टाकला नाही. झाकणाच्या एका छोट्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं. टाकी कोमट पाण्यात विसळली, धातूचे ठिपके पुसले, नवा कापूस ओवला. सगळं रोजच्या चालीनं. तिचा श्वास रोखलेला होता. वेप पुन्हा जोडून तिनं त्याच्यापुढे धरलं.

"झालं. भिजू दे आधी, मग ओढ."

त्यानं ते घेतलं. शर्टाच्या खिशात घातलं. जाताना तो हसला नाही. मोटारसायकल वळवताना एवढंच म्हणाला, "इल्माला माझा सलाम सांगा."

इल्मा सेमारंगला नव्हती. आदल्याच दिवशी रोफिआनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. फोनवर बोलताना तिनं काहीच लपवलं नाही, त्या कॉलेजच्या मुलीचं देखील सांगितलं. इल्मानं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, "आई, मी मैत्रिणीच्या गावी जाते. तू पोलिसांत जा. मी सांगतेय म्हणून जा." ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघाली होती.

त्या दुपारी आम्ही भांड्यावर झाकण घातलं आणि रोफिआनं हातमोजे काढले. डबी पिशवीत टाकली. मी गाडी सलूनवाल्यांच्या हवाली केली आणि तिच्याबरोबर ठाण्यावर गेले. बरोबर ते दोन शिक्षकही होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं तरी.

रोफिआला आत बसवलं आणि आम्हाला बाहेर. ते बाहेर बसणं मला आयुष्यभर पुरेल. तिला सोडतील की ठेवतील हे कळायला काही मार्ग नव्हता. दार उघडलं की मी उठायची आणि भलताच कुणीतरी बाहेर यायचा. एका शिक्षकांनी मला पाण्याची बाटली आणून दिली. मी ती तशीच धरून बसले. आत जाताना ती म्हणाली होती, "सुमी, मी ते निळंही सांगणार आहे." मी म्हटलं होतं, "नको सांगूस, अडकशील." तिनं ऐकलं नाही हे मला ठाऊक होतं.

दिवे लागताना तिला बाहेर सोडलं. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणाले?"

"गाव सोडू नका म्हणाले. पुन्हा बोलावतील."

"आणि ती मुलगी?"

"नाव माहीत नाही म्हटलं, जेवढी दिसली तेवढी सांगितली. शोधतील म्हणाले." ती थांबली. "सुमी, मला तिची नखं आठवतात गं."

तिला पुन्हा दोनदा बोलावलं. ते दिवस आम्ही दोघींनी एकाच घरात काढले, तिच्या घरी राहायची तिला भीती वाटायची. अझमीच्या दुकानाची काच कुणीतरी दगडानं फोडली. त्याची बायको माहेरी गेली. अझमी माझ्याशी बोलेना, रोफिआशी तर नाहीच. पण टेबल आत न्यायलाही त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी तो पंख्याची वायर बाहेर टाकून ठेवायचा.

मग कळलं की रेंगाला जेपाराच्या रस्त्यावर एका भाड्याच्या घरात पकडलं. बरोबर आणखी काही जण होते. डबीतल्या कापसाचा त्यात किती उपयोग झाला ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. रोफिआला साक्षीला बोलावलं, तिनं जे झालं ते सांगितलं, तिला घरी जाऊ दिलं. त्या कॉलेजच्या मुलीचा पत्ता लागला नाही. निदान आमच्यापर्यंत काही आलं नाही.

लोकांना वाटतं, माणूस पकडला गेला की भीती संपते. तसं नसतं. बरेच दिवस रोफिआ टेबलावर काम करताना पाठ भिंतीला टेकवून बसायची.

एका सकाळी एक बाई आली. कमरेला गुंडाळलेला साधा चुणीदार सारोंग, पायात रबरी चपला. मला ओळखीची वाटली. कारखान्यात दुसऱ्या हॉलमध्ये वळणाऱ्यांत असावी. तिनं माझ्याकडून लेन्तोग मागितलं, घेतलं आणि खाल्लं नाही. ताटली हातात धरून रोफिआच्या टेबलासमोर उभी राहिली.

"तुम्ही रोफिआ?"

"हो."

"मी रेंगाची आई."

माझा हात आपोआप विळीकडे गेला. भाजी चिरायची विळी होती, पण मला तेवढंच दिसलं. रोफिआच्या हातात एक उघडलेलं वेप होतं. तिनं ते हळूच फडक्यावर ठेवलं.

"तुम्ही सांगितलंत पोलिसांना?"

रोफिआला खोटं बोलता आलं असतं. पोलिसांकडे तीच गेली असं त्या बाईला कुणी सांगितलं असलं तरी ते ऐकीवच असणार. रस्त्यावरची वर्दळ चालू होती, सलूनमध्ये कुणीतरी रेडिओ लावला होता. मला वाटलं, रोफिआची जीभ आता टाळूला चिकटणार.

"हो," रोफिआ म्हणाली. "मी सांगितलं."

 बाई रडली नाही, ओरडली नाही. तिच्या हातातली ताटली कलली आणि रस्सा तिच्या चपलेवर सांडला.

"घरी तो बोलायचा नाही," ती म्हणाली. "विचारलं की हसायचा. मी विचारणं सोडलं होतं."

रोफिआनं उठून स्वतःचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. बाई बसली नाही. तिनं ताटली माझ्या गाडीवर ठेवली, कनवटीतून पैसे काढायला लागली. मी नको म्हटलं. तरी तिनं ठेवले, आणि बाजारच्या दिशेनं चालायला लागली. मध्येच एकदा थांबली. आम्हाला वाटलं परत येतेय. पण ती मोटारसायकल जाऊ द्यायला थांबली होती.